केबल, छत्री, स्मार्ट टीव्ही की स्टिक? : निवड घरच्या पडद्याची

घरात नवा टीव्ही घ्यायचा म्हटला की पूर्वी दोनच प्रश्न असत. कोणत्या कंपनीचा आणि किती इंची? संच घरी आला, केबलची तार जोडली की काम संपले. आता दुकानात पाऊल टाकताच प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. स्मार्ट हवा की साधा? एचडी, फुल एचडी की फोर-के? घरी वायफाय आहे का? केबल चालू ठेवणार की तोडणार? जुना टीव्ही चांगला असेल तर त्याला केवळ स्टिक लावून भागेल का? पुष्कळदा या प्रश्नांची उत्तरे ग्राहकाऐवजी विक्रेताच देऊन टाकतो. मग हौसेने आणलेल्या पंचावन्न इंची संचावर आजीची मालिका दिसेनाशी होते, किंवा एकाच घरात केबल, छत्री आणि ब्रॉडबँड अशी तीन बिले सुरू राहतात.

हा गोंधळ होतो, कारण तीन वेगवेगळ्या गोष्टींची खरेदी एकच समजली जाते. पहिली गोष्ट पडदा, म्हणजे संच. दुसरी वाट, म्हणजे ज्या मार्गाने कार्यक्रम घरात येतात ती केबल, छत्री किंवा इंटरनेट. तिसरी कार्यक्रम, म्हणजे वाहिन्या किंवा ओटीटी मंचांची वर्गणी. स्मार्ट टीव्ही हा पडदा आहे. केबल ही वाट आहे. स्टिक हे त्या दोहोंना जोडणारे छोटे उपकरण आहे. त्यामुळे ‘केबल चांगली की स्मार्ट टीव्ही’ हा प्रश्नच मुळात अपुरा ठरतो. आधी पाहायला हवे ते घराच्या उंबरठ्यापर्यंत कोणती वाट खात्रीने येते हे. पडद्याचा विचार त्यानंतरचा.

एक जिल्हा, अनेक परिस्थिती

हा मुद्दा नगर जिल्ह्याइतका स्पष्टपणे क्वचितच कुठे दिसेल. २०२४ मध्ये अहिल्यानगर असे नामकरण झालेला हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, सुमारे १७ हजार चौरस किलोमीटरचा आहे. तालुके चौदा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ४५ लाख ४३ हजार, आणि त्यात शहरी वस्ती जेमतेम २० टक्के. सावेडी किंवा केडगावच्या वसाहतीतील सदनिका, संगमनेर-श्रीरामपूरच्या बाजारपेठेतील वाडा, प्रवरेच्या काठची उसाच्या मळ्यातील वस्ती, अकोल्याच्या डोंगरातील पाडा आणि पाथर्डीच्या दुष्काळी पट्ट्यातील घर, या पाच ठिकाणी टीव्हीचे उत्तर एकच असू शकत नाही.

शहरात एकाच खांबावरून दोन-तीन कंपन्यांच्या तारा जातात. मळ्यातील वस्तीपर्यंत केबलची तार ओढणे चालकाला परवडत नाही, कारण दोन घरांमध्येच अर्ध्या किलोमीटरचे अंतर असते. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगडाच्या परिसरात मोबाइल मनोऱ्याच्या लहरी डोंगराआड अडतात. दुसरीकडे उपग्रह आभाळातून सर्वांनाच सारखा दिसतो. निवडीची सुरुवात या भूगोलापासून करावी लागते.

अँटेनापासून स्टिकपर्यंत

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले. रविवारी सकाळी ‘रामायण’ आणि नंतर ‘महाभारत’ पाहण्यासाठी गल्लीतील एका घरी सगळे जमत, ते दिवस १९८७ ते १९९० चे. छतावरचा अँटेना वाऱ्याने फिरला की एकाने वर चढायचे आणि दुसऱ्याने खालून ‘आलं, आलं’ म्हणून ओरडायचे, हा त्या काळातील घरोघरचा अनुभव आहे.

१९९१ च्या आखाती युद्धानंतर उपग्रह वाहिन्यांचे युग आले आणि गल्लोगल्ली केबलचालक उभे राहिले. या व्यवसायासाठी १९९५ मध्ये कायदा झाला. मराठीपुरते बोलायचे तर अल्फा मराठी, म्हणजे आजची झी मराठी, १९९९ मध्ये. ई टीव्ही मराठी, म्हणजे आजची कलर्स मराठी, २००० मध्ये. आणि स्टार प्रवाह २००८ मध्ये सुरू झाली. घरगुती छत्रीची म्हणजे डीटीएचची सेवा २००३ पासून, तर दूरदर्शनची विनाशुल्क छत्री डिसेंबर २००४ पासून उपलब्ध झाली.

त्यानंतर केबलच्या डिजिटलीकरणाची सक्ती आली. महानगरांत २०१२ मध्ये, तर पुणे, नाशिक, सोलापूर यांसारख्या मोठ्या शहरांत २०१३ मध्ये सेट-टॉप बॉक्स अनिवार्य झाला. नगर शहर आणि जिल्ह्यातील नगरपालिकांची गावे तिसऱ्या टप्प्यात होती. त्या टप्प्याची मुदत न्यायालयीन वादांमुळे लांबत जानेवारी २०१७ अखेर संपली. खेड्यांचा चौथा टप्पा मार्च २०१७ अखेरचा. म्हणजे नगरच्या गावागावांत केबलचा डबा पोहोचत होता, नेमक्या त्याच सुमारास सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइल इंटरनेट स्वस्त होऊन मालिका हातातील फोनवर येऊ लागल्या. नेटफ्लिक्स आणि ॲमेझॉन प्राइम व्हिडिओ हे दोन्ही मंच भारतात २०१६ मध्येच आले. झी५ आले २०१८ मध्ये. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार एकत्र होऊन जिओहॉटस्टार झाले.

या बदलाचा परिणाम आकड्यांतही दिसतो. देशातील सशुल्क डीटीएचचे सक्रिय ग्राहक २०२० च्या अखेरीस सुमारे सात कोटी होते. २०२५ च्या प्रारंभी ते पावणेसहा कोटींच्या आसपास आले. लोक छत्री आणि केबल सोडत आहेत हे खरे. मात्र शेजाऱ्याने सोडली म्हणून आपणही सोडावी, हा त्याचा अर्थ नव्हे.

केबल : जुनी, पण निरुपयोगी नव्हे

केबलचे मोठे बलस्थान म्हणजे साधेपणा. रिमोटचा एक आकडा दाबला की वाहिनी लागते. तिला इंटरनेट लागत नाही, पासवर्ड लागत नाही. बिघाड झाला तर चालकाचा माणूस ओळखीचा असतो आणि बहुधा त्याच दिवशी घरी येतो. क्रिकेटचा सामना केबलवर इंटरनेटपेक्षा काही सेकंद आधी दिसतो. स्ट्रीमिंगवर सामना पाहणाऱ्याला बळी गेल्याची बातमी अनेकदा शेजारच्या घरातील आरड्याओरड्यावरून आधी कळते.

दराचे गणित मात्र समजून घ्यायला हवे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ट्रायची नवी दरपद्धती १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली. तिच्यानुसार बिलाचे दोन भाग पडतात. एक, जाळ्याचे शुल्क. दोन, निवडलेल्या सशुल्क वाहिन्यांची किंमत. दोहोंवर १८ टक्के जीएसटी लागतो. सुरुवातीला जाळ्याच्या शुल्काला १०० वाहिन्यांसाठी १३० रुपयांची कमाल मर्यादा होती. करासह ही रक्कम १५३ रुपये ४० पैसे होई. २०२० च्या आदेशाने तेवढ्याच शुल्कात २०० वाहिन्या देणे बंधनकारक झाले. जुलै २०२४ मध्ये मात्र ट्रायने ही कमाल मर्यादा काढून टाकली आणि शुल्क ठरविण्याची मुभा कंपन्यांना दिली. त्यामुळे आज दोन गावांत, दोन चालकांकडे वेगवेगळे दर असू शकतात. ‘सरकारी दर’ असे सांगून कोणी रक्कम मागत असेल, तर छापील दरपत्रक मागून घ्यावे.

वाहिन्यांच्या एकगठ्ठा संचापेक्षा सुट्या वाहिन्या घेण्याचा अधिकार ग्राहकाला आहे. प्रत्येक सशुल्क वाहिनीची कमाल किंमत जाहीर केलेली असते. घरात खरोखर पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्या कागदावर लिहून काढल्या, तर बहुतेक कुटुंबांची यादी पंधराच्या पुढे जात नाही. ही यादी चालकाच्या हाती दिली की बिल कमी होण्याची शक्यता असते. मात्र सुट्या वाहिन्यांची बेरीज संचापेक्षा जास्त होते का, तेही आधी पाहावे.

छत्री : डोंगर आणि मळ्यांसाठी

जेथे तार पोहोचत नाही तेथे छत्री पोहोचते. भारतातील डीटीएच सेवांचे उपग्रह नगर जिल्ह्याहून पाहता दक्षिण आणि पूर्व या दिशांच्या दरम्यान येतात. दूरदर्शनच्या फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे नगरहून जवळजवळ नेमका आग्नेयेला, आकाशात बराच उंचावर. घराच्या त्या बाजूला मोठे झाड, उंच इमारत किंवा कडा नसेल, तर छत्री बसविण्यात अडचण येत नाही. सह्याद्रीच्या मुसळधार पावसात चित्र काही काळ तुटते, कारण या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात. हा छत्रीचा बिघाड नव्हे. पाऊस ओसरला की चित्र परत येते.

सशुल्क छत्रीला केबलसारखाच मासिक रिचार्ज लागतो. फ्री डिशला तो लागत नाही. छत्री, डबा आणि बसविण्याची मजुरी एवढा एकदाच खर्च होतो. तिच्यावर सह्याद्री वाहिनीसह दूरदर्शनच्या वाहिन्या आणि काही खासगी विनाशुल्क वाहिन्या दिसतात. खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जात असल्यामुळे यादी वेळोवेळी बदलते. लोकप्रिय सशुल्क मराठी वाहिन्यांच्या ताज्या मालिका मात्र येथे मिळतील असे गृहीत धरू नये.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडणीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. वर्षातील निम्मा काळ ज्यांच्या घराला कुलूप असते, त्यांनी वर्षभराचे पैसे भरून केबलची किंवा ब्रॉडबँडची योजना घेणे म्हणजे निम्मे पैसे वाया घालविणे होय. एकदाच खर्च करून घेतलेली फ्री डिश किंवा महिन्याच्या महिन्याला भरता येणारा रिचार्ज हेच अशा घरांना सोयीचे.

स्मार्ट टीव्ही : संचाचे आयुष्य आणि संगणकाचे आयुष्य

स्मार्ट टीव्ही म्हणजे टीव्हीच्या पोटात बसविलेला छोटा संगणक. इंटरनेट असेल तर तो थेट ओटीटी मंच, यूट्यूब आणि बातम्यांच्या वाहिन्या दाखवतो. इंटरनेट नसेल तर तो साधाच टीव्ही असतो आणि त्याला केबलचा किंवा छत्रीचा डबा जोडावाच लागतो. ‘स्मार्ट घेतला म्हणजे केबल गेली’ हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

दुसरी गोष्ट आयुष्याची. टीव्हीचा पडदा आठ-दहा वर्षे सहज टिकतो, पण त्यातील संगणक तीन-चार वर्षांत मंदावतो. ॲप जड होत जातात, कंपनी जुन्या संचांना नवी आवृत्ती देणे थांबवते. डिसेंबर २०१९ पासून सॅमसंगच्या २०१० आणि २०११ च्या काही संचांवर नेटफ्लिक्स चालेनासे झाले, ते याच कारणाने. खरेदी करताना संचाची मेमरी, साठवणक्षमता आणि सॉफ्टवेअर किती वर्षे अद्ययावत मिळेल, हे लेखी विचारावे. एक जीबीपेक्षा कमी मेमरी असलेला स्वस्त संच पुढे रखडण्याची शक्यता जास्त.

आकाराचाही विचार हवा. बसण्याच्या जागेपासून पाच-साडेपाच फूट अंतर असेल, तर ४३ इंची संच पुरेसा होतो. केबलवरील बहुसंख्य वाहिन्या आजही साध्या प्रतीच्या चित्रात येतात आणि तेच चित्र मोठ्या पडद्यावर ताणले गेले की धूसर दिसते. केवळ केबलच पाहायची असेल, तर फोर-के संचासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. किंमत सांगताना विक्रेता नवाच दर लावतो ना, हे बिलावर तपासावे.

खासगीपणाचा प्रश्नही दुर्लक्षून चालणार नाही. अनेक स्मार्ट टीव्ही पडद्यावर काय पाहिले जाते याची नोंद करून ती कंपनीकडे पाठवतात. अमेरिकेत व्हिझिओ या कंपनीला याच कारणावरून २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरावे लागले. संच सुरू करताना येणाऱ्या अटींना सरसकट ‘मान्य’ न म्हणता, पाहण्याच्या सवयींची नोंद आणि जाहिरातींचा पर्याय सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतो.

स्टिक : जुन्या टीव्हीला नवे आयुष्य

चांगला चाललेला टीव्ही केवळ स्मार्ट नाही म्हणून काढून टाकण्याचे कारण नाही. बोटभर लांबीची स्ट्रीमिंग स्टिक टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत लावली, वायफायला जोडली की तोच संच स्मार्ट होतो. ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक भारतात २०१७ पासून मिळते. इतर कंपन्यांचे छोटे डबेही आहेत. ती जुनी झाली तर बदलण्याचा खर्च नव्या संचाच्या मानाने फारच थोडा. स्मार्ट संचातील संगणक मंदावला तरी त्यालाही स्टिक लावता येते.

मात्र तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, टीव्हीला एचडीएमआयची खाच आहे का. मागे फुगीर असलेल्या जुन्या संचांना बहुधा पिवळी, लाल, पांढरी अशी तीन छिद्रेच असतात. त्यांना केबलचा किंवा छत्रीचा डबा लागतो, स्टिक लागत नाही. दुसरी, स्टिकला वीज तिच्या सोबत आलेल्या ॲडॉप्टरनेच द्यावी. टीव्हीच्या यूएसबी खाचेतून पुरेशी वीज न मिळाल्यास ती मध्येच बंद पडते. तिसरी, बाजारात बिननावाचे स्वस्त अँड्रॉइड डबे ‘आयुष्यभर सर्व वाहिन्या फुकट’ असे सांगून विकले जातात. त्यांपासून दूर राहावे. त्यांवरील चित्रपट आणि मालिका चोरीच्या असतात. शिवाय अशा डब्यांत कारखान्यातूनच घातक सॉफ्टवेअर भरलेले आढळल्याचा इशारा अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२५ मध्ये दिला होता. घरच्या ज्या वायफायवरून बँकेचे व्यवहार होतात, त्याच वायफायवर असा डबा बसवणे धोक्याचे आहे.

नामांकित उपकरणेही परावलंबी असतात, हे लक्षात ठेवावे. मार्च २०२५ मध्ये गूगलची दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट उपकरणे आतील एका प्रमाणपत्राची मुदत संपल्याने जगभर काही दिवस बंद पडली होती. केबलचा डबा बंद पडला तर चालकाला फोन करता येतो. येथे कंपनीच्या दुरुस्तीची वाट पाहण्यापलीकडे ग्राहकाच्या हाती काही राहत नाही.

इंटरनेट : वेग आणि साठा

स्मार्ट टीव्ही असो वा स्टिक, दोहोंचे पाणी एकाच विहिरीचे, आणि ती विहीर म्हणजे इंटरनेट. नेटफ्लिक्सच्या शिफारशीनुसार फुल एचडी चित्राला ५ एमबीपीएस आणि फोर-के चित्राला १५ एमबीपीएस वेग लागतो. खरा प्रश्न असतो तो डेटाच्या साठ्याचा. उत्तम एचडी चित्र तासाला ३ जीबीपर्यंत, तर फोर-के चित्र ७ जीबीपर्यंत डेटा वापरते. रोज तीन तास एचडी पाहिले तर दिवसाला ९ आणि महिन्याला २७० जीबी झाले. मोबाइलच्या रोज दीड-दोन जीबी मिळणाऱ्या रिचार्जवर हॉटस्पॉट लावून टीव्ही पाहू म्हणणाऱ्याचा दिवसभराचा डेटा तासाभरातच संपतो.

म्हणून टीव्हीसाठी फायबर ब्रॉडबँडच योग्य. शहरांतील अनेक केबलचालक आता हीच सेवा देतात. जेथे फायबर नाही तेथे मोबाइल मनोऱ्यावरून चालणारी फाइव्ह-जीची घरगुती सेवा २०२३ पासून उपलब्ध होऊ लागली आहे. तिच्यासाठी छतावर छोटा ग्राहकयंत्र-डबा बसवतात. जोडणीपूर्वी संध्याकाळी आठ ते दहा या वेळेतील वेग शेजाऱ्याकडे प्रत्यक्ष तपासून घ्यावा, कारण दुपारी धावणारे इंटरनेट रात्री सर्वजण वापरू लागले की रांगते.

वीज गेली तर?

ग्रामीण भागात हा प्रश्न वेगापेक्षा महत्त्वाचा ठरतो. छत्रीला फक्त घरातील वीज लागते. इन्व्हर्टर असेल तर ती चालते. जुन्या पद्धतीच्या केबलच्या वाटेवर खांबांवर ध्वनिक्षेपकासारखी संकेत वाढविणारी यंत्रे असतात आणि त्या भागातील वीज गेली की घरात इन्व्हर्टर असूनही चित्र थांबू शकते. फायबरच्या वाटेत बहुधा अशी विजेवर चालणारी यंत्रे नसतात, पण घरातील राउटर आणि चालकाच्या केंद्रातील यंत्रणा या दोन्ही ठिकाणी वीज हवी. छोटा ३२ इंची एलईडी संच साधारण पन्नास वॅटच्या आसपास, तर मोठा फोर-के संच शंभर वॅट व त्याहून अधिक वीज घेतो. शंभर वॅटचा संच रोज पाच तास चालला तर महिन्याला १५ युनिट होतात. संचावरील ऊर्जाबचतीच्या तारका पाहून घेणे म्हणूनच फायद्याचे.

मालिका पाहणाऱ्या घराचा हिशेब

‘केबल तोडा, पैसे वाचवा’ हा सल्ला मराठी मालिका पाहणाऱ्या घराला जसाच्या तसा लागू पडत नाही. झी मराठीच्या मालिका झी५वर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर, तर सोनी मराठीच्या सोनीलिव्हवर असतात. म्हणजे केबलच्या एका बिलात दिसणाऱ्या चार वाहिन्यांसाठी ऑनलाइन तीन ठिकाणी जावे लागते. उलट ज्या घरात मुख्यतः बातम्या, कीर्तने, जुने चित्रपट आणि क्वचित एखादी वेबमालिका पाहिली जाते, तेथे इंटरनेट स्वस्त पडते. अनेक मराठी वृत्तवाहिन्या यूट्यूबवर थेट आणि विनामूल्य दिसतात. शिर्डी संस्थान साई समाधी मंदिराचे थेट दर्शन ऑनलाइन देते. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू केलेल्या वेव्हज या मंचावर दूरदर्शनच्या वाहिन्याही पाहता येतात.

खर्चाची तुलना महिन्याची न करता तीन वर्षांची करावी. उदाहरणादाखल, करासह महिना ३५० रुपयांची केबल धरली तर तीन वर्षांत १२ हजार ६०० रुपये होतात. महिना ५०० रुपये अधिक करांचे ब्रॉडबँड तीन वर्षांत २१ हजार २४०. त्यात साडेतीन हजारांची स्टिक आणि वर्षाला हजार रुपयांची ओटीटी वर्गणी मिळवली तर एकूण २७ हजार ७४०. या हिशेबात केबल निम्म्याहून स्वस्त आहे. पण मुलांच्या अभ्यासासाठी किंवा घरून कामासाठी ब्रॉडबँड आधीच घेतलेले असेल, तर टीव्हीसाठीचा जादा खर्च फक्त साडेसहा हजार उरतो आणि पारडे उलट फिरते. नव्याने किती खर्च करावा लागणार, हाच खरा आकडा आहे.

कोणी काय घ्यावे?

- फायबर आधीच असलेले, तरुण सदस्यांचे शहरी घर : सध्याचा टीव्ही चांगला असेल तर स्टिक. नवाच घ्यायचा असेल तर पुरेशा मेमरीचा स्मार्ट संच. केबल तोडण्यापूर्वी महिनाभर दोन्ही चालवून पाहावे.
- वृद्ध आई-वडील आणि मालिकांचे प्रेक्षक असलेले घर : केबल किंवा सशुल्क छत्री कायम ठेवावी, वाहिन्यांची यादी छाटावी. गरज वाटल्यास त्याच संचाला स्टिक जोडावी.
- मळ्यातील किंवा डोंगरातील वस्ती : छत्री हीच भरवशाची वाट.
- हंगामी स्थलांतर करणारे कुटुंब : फ्री डिश किंवा मासिक रिचार्ज. लांब मुदतीची योजना टाळावी.
- फुगीर, जुना संच असलेले घर : फ्री डिश किंवा केबलचा डबा. नवा संच घेईपर्यंत स्टिकचा विचार करू नये.

यांपैकी दुसऱ्या गटाकडे विशेष लक्ष द्यायला हवे. पुण्या-मुंबईला नोकरी करणारा मुलगा सुटीत गावी येतो, केबल बंद करून मोठा स्मार्ट टीव्ही बसवून देतो आणि सोमवारी परत जातो. मंगळवारी वायफाय तुटते, पडद्यावर इंग्रजीत सूचना येते आणि घरातील दोन वृद्धांना पुढचा शनिवार येईपर्यंत काळ्या पडद्यासमोर बसावे लागते. ज्यांच्या दिवसाचा मोठा भाग टीव्हीच्या सोबतीने जातो, त्यांच्या हातात कोणता रिमोट सहज चालतो, हे पडद्याच्या इंचांपेक्षा मोठे आहे. अशा घरी निदान पहिले वर्षभर तरी केबलचा डबा जोडलेलाच ठेवावा, आणि टीव्ही सुरू होताच थेट केबलच लागेल अशी सोय करून द्यावी. बऱ्याच स्मार्ट संचांत तसा पर्याय असतो.

घेताना आणि घेतल्यावर

एका कंपनीचा सेट-टॉप बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या सेवेवर चालत नाही. डबा विकत घेतला की भाड्याने, अनामत किती आणि ती परत कधी मिळणार, हे पावतीवर लिहून घ्यावे. ब्रॉडबँड योजनेतील ‘अमर्याद’ या शब्दामागे ठरावीक जीबीनंतर वेग कमी करणारी वाजवी वापराची मर्यादा असते, तीही विचारावी. योजनेसोबत ‘मोफत’ मिळणारे ओटीटी मंच टीव्हीवर चालतात की केवळ मोबाइलवर, हे पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत. स्वयंचलित नूतनीकरणाची सोय नको असल्यास ती सुरुवातीलाच बंद करावी.

तक्रार आधी सेवा देणाऱ्या कंपनीच्या ग्राहक कक्षाकडे नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. दाद न मिळाल्यास कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे जाता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. सदोष संच किंवा फसवी विक्री असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. त्यासाठी पक्के बिल लागते. म्हणून जीएसटी वाचविण्याच्या आमिषाने बिलाशिवाय खरेदी करू नये.

एकंदरीत, दुकानात जाण्यापूर्वी घरातच तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडावीत. घरापर्यंत कोणती वाट खात्रीने येते? घरातील कोण, काय आणि किती वेळ पाहते? आणि त्या प्रत्येकाला रिमोट स्वतः चालवता येईल का? या तिन्हींची उत्तरे हाती असली, की कोणता संच घ्यायचा हे ठरविण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.